सांधे घडतात ते वाढीच्या वयात

कुत्रे आठ-नऊ वर्षांचे होऊन जिन्यापाशी थबकू लागले, किंवा म्हैस उठताना पुढच्या गुडघ्यांवरच अडून राहू लागली, की मालकाचे लक्ष पहिल्यांदा त्यांच्या सांध्यांकडे जाते. मग तपासणी होते, वेदनाशामके सुरू होतात, सांध्यांसाठीच्या पूरक गोळ्या आणि भुकट्या आणल्या जातात. जनावराचा त्रास कमी करायचा तर उपचार करायलाच हवेत. पण सांध्याच्या काळजीचा हा शेवटचा टप्पा असतो. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत आणि चिवट कूर्चा असते तिची मूळ बांधणी जनावर वाढत असतानाच होते, आणि एकदा पूर्ण झाल्यावर ती पुन्हा होत नाही. म्हणून वासरू, पारडू, शिंगरू किंवा पिल्लू यांचे वाढीचे महिने सांध्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहेत, असे या लेखाचे म्हणणे आहे. जबलपूरमध्ये ते दोन प्रकारच्या वाचकांच्या उपयोगाचे आहे. राइट टाउन, नेपिअर टाउनसारख्या वस्त्यांत लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्डचे पिल्लू घरी आणणारी कुटुंबे हा एक वर्ग. परियट आणि गौर नद्यांच्या काठी डेअऱ्या चालवणारे, तसेच आसपासच्या गावांत एक-दोन दुभती जनावरे राखणारे पशुपालक हा दुसरा.

कूर्चा आतून कशी असते

पूर्ण वाढलेल्या जनावराच्या सांध्यातली कूर्चा गाय-घोड्यासारख्या मोठ्या प्राण्यातही काही मिलिमीटरच जाड असते. तिच्या वजनाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग पाणी असते. हे पाणी धरून ठेवण्याचे काम प्रोटिओग्लायकन नावाचे मोठे रेणू करतात, आणि ते रेणू जागच्या जागी आवळून ठेवण्याचे काम कोलॅजनचे तंतू करतात. वजन पडले की पाणी दाबले जाते, तंतू ताण घेतात आणि भार पसरतो. या तंतूंची मांडणी थरागणिक बदलते. पृष्ठभागालगत ते पृष्ठभागाला समांतर, दाटीने असतात, मधल्या थरात वळतात आणि खोल थरात उभे होऊन हाडाकडे उतरतात. बेनिंगहॉफ या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने 1925 मध्ये या कमानीसारख्या मांडणीचे वर्णन केले, आणि आजही तेच चित्र आधाराला घेतले जाते. सर्वांत खालचा थर चुन्याच्या क्षारांनी कडक झालेला असतो आणि तोच कूर्चेला हाडाशी जखडून ठेवतो. प्रौढ कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात, पेशीही फार विरळ असतात. तिचे पोषण सांध्यातल्या वंगणद्रवातून होते आणि हा द्रव आत-बाहेर फिरायला सांध्यावर भार पडणे आणि उतरणे आवश्यक असते. म्हणजे हालचालीने सांधा वापरला जातो तसाच तो पोसलाही जातो.

नवजात जनावराची कूर्चा हिच्याहून अगदी वेगळी असते. प्रौढ कूर्चेची ती छोटी आवृत्ती आहे असे समजणे चूक ठरेल. जन्मतः हाडाच्या टोकाशी कूर्चेचा जाड गोळा असतो. त्यातला वरचा पातळ भाग पुढे सांध्याची कूर्चा होतो आणि उरलेल्या भागाचे हळूहळू हाड बनते. या जाड गोळ्याला वंगणद्रवाचे पोषण पुरत नाही, म्हणून त्यात नळ्यांसारख्या वाटा असतात आणि त्यांतून बारीक रक्तवाहिन्या जातात. पेशींची संख्या जास्त असते, त्या थरांत लागलेल्या नसतात आणि तंतूंची कमानदार मांडणीही अजून तयार झालेली नसते. जनावर चालू, पळू, बागडू लागते तसा हा ऊतक बदलतो. रक्तवाहिन्यांच्या वाटा एकेक करून बुजतात, पेशी विरळ होतात, खालून हाड पुढे सरकते आणि तंतू भाराच्या दिशा ओळखून रचले जातात. सशांवरच्या 2007 मधल्या अभ्यासातून असे दिसले की हा बदल नुसत्या फेरमांडणीने होत नाही. जुना ऊतक खालून झिजवला जातो आणि वरच्या थरातल्या पेशींपासून नवा तयार होतो, म्हणजे सांध्याची कूर्चा जन्मानंतर जवळजवळ नव्याने बांधली जाते.

गोठ्यातल्या जनावराबद्दलचा पुरावा याहून थेट आहे. गायीचा गर्भ, वासरू आणि प्रौढ गाय यांच्या गुडघ्याच्या कूर्चेची तुलना अमेरिकेतल्या संशोधकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केली. वाढीबरोबर कोलॅजनचे प्रमाण दोन ते तीन पटींनी वाढले, प्रोटिओग्लायकनचे प्रमाण फारसे बदलले नाही. कूर्चा दाबाला अधिक ताठ झाली आणि तिच्यातून पाणी सहजासहजी निसटेनासे झाले. सांध्याची ताकद वयाबरोबर वाढते ती मुख्यतः कोलॅजनच्या चौकटीमुळे, हा यातला महत्त्वाचा मुद्दा. ही चौकट जनावराच्या वाढीत एकदाच उभी राहते. माणसाच्या गुडघ्यांवर कोपनहेगनच्या संशोधकांनी केलेल्या 2016 च्या अभ्यासाने याचा फार स्पष्ट पुरावा दिला. 1950-60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 वाढला होता. त्याचे प्रमाण मोजून कोणता ऊतक केव्हा बनला हे सांगता येते. कूर्चेतले कोलॅजन वाढीच्या वयातलेच निघाले. प्रौढपणी त्याची भरपाई झालेली दिसली नाही, संधिवात झालेल्या गुडघ्यातही नाही. पाणी धरणारे रेणू मात्र पुढेही बदलत राहतात. कुडाच्या भिंतीचे असेच असते. वरची शेणमाती दरवर्षी सारवता येते, पण आतल्या काठ्या ज्या दिवशी रोवल्या त्याच शेवटपर्यंत भिंत धरून ठेवतात.

या शहराच्या जमिनीतही या गोष्टीची दुसरी बाजू सापडते. 1828 मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी स्लीमन यांना जबलपूरच्या छावणीजवळ महाकाय प्राण्याची जीवाश्म हाडे सापडली, आणि 1877 मध्ये भूवैज्ञानिक लिडेकर यांनी त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. त्या कुळातल्या अवाढव्य शाकाहारी डायनासोरांच्या पायांच्या हाडांची टोके खडबडीत आणि अर्धवट आकाराची असतात, कारण खऱ्या सांध्याचा आकार हाडावरच्या जाड कूर्चेत होता आणि ती कुजून गेली. मगरी आणि पक्षी यांच्याशी तुलना करून 2010 मध्ये संशोधकांनी अंदाज मांडला की अशा काही डायनासोरांचे पाय कूर्चेसकट दहा टक्क्यांहूनही अधिक लांब असावेत. सस्तन प्राण्यांची वाट निराळी आहे. आपल्या गुराढोरांत हाडाचे टोक स्वतंत्रपणे हाड बनते, हाड लांब वाढवणारी कूर्चेची पट्टी, म्हणजे वाढीची पट्टी, ठरावीक वयात भरून येते आणि वर पातळ, नेमक्या आकाराची कूर्चा उरते. शरीर मोठे झाले म्हणून ती त्या प्रमाणात जाड होत नाही. इतक्या पातळ थरावर सगळे आयुष्य काढायचे, म्हणून त्याची पहिली घडण नीट होणे इतके महत्त्वाचे.

कोंडून ठेवणे आणि दमवणे, दोन्ही वाईट

हालचालीने कूर्चा घडते, तर मग किती हालचाल द्यावी? नेदरलँड्समध्ये शिंगरांवर झालेला, 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे उपयोगी पडतो. जन्मानंतरच्या पहिल्या पाच महिन्यांत काही शिंगरे कुरणात मोकळी होती, काही ठाणात कोंडलेली होती, आणि काही ठाणात कोंडून रोज थोडा वेळ वेगाने पळवली जात होती. कुरणातल्या शिंगरांत सांध्याच्या वेगवेगळ्या भागांची कूर्चा आपापल्या भारानुसार घडत गेली. कोंडलेल्या शिंगरांत ही घडण मागे पडली, आणि नंतर मोकळे सोडल्यावर त्यातली काही तूट भरून निघाली. कोंडून पळवलेल्या शिंगरांच्या कूर्चेतील पेशी मात्र पुढे मंदावलेल्या आढळल्या. फिनलंडमधल्या कुओपिओ येथे बीगल जातीच्या तरुण कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासांचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. रोज 4 किलोमीटर धावलेल्यांच्या गुडघ्याची कूर्चा जाड झाली आणि तिच्यातले पाणी धरणारे रेणू वाढले. रोज 20 किलोमीटर धावलेल्यांत भार पडणाऱ्या भागांतून ते कमी झाले. पाय 11 आठवडे बांधून ठेवलेल्या कुत्र्यांत झालेली घट पुढे बराच काळ मोकळे ठेवूनही पूर्णपणे भरून आली नाही. वाढीच्या वयात जनावराला स्वतःच्या मर्जीने, थांबत-थांबत, मऊ जमिनीवर हिंडू देणे हाच मार्ग या सगळ्यातून पुढे येतो.

यावर गोठेवाल्यांचा आक्षेप येतो की डेअरीत इतकी जागा आणायची कुठून. आक्षेप खरा आहे, पण कुरण नसले म्हणून आखूड दावे हाच पर्याय उरत नाही. चार-पाच वासरे किंवा पारडी एकत्र मोकळी राहतील असा कप्पा गोठ्याच्या एका बाजूला आखता येतो. तेही शक्य नसेल तर सकाळ-संध्याकाळ दूध काढताना त्यांना मातीच्या अंगणात सोडता येते. सिमेंटच्या ओल्या कोब्यावर पाय घसरून सांधे मुरगळतात, म्हणून कोब्याला खाचा असाव्यात किंवा त्यावर रबरी मॅट अथवा कोरडा भुसा असावा. पावसाळ्यात चिखलाची जागा टाळून उंचवट्यावर मुरूम टाकावा. शहरातल्या पिल्लांचीही अडचण घसरणीचीच आहे. संगमरवरी किंवा गुळगुळीत टाइल्सच्या फरशीवर पिल्लाचे मागचे पाय फाकतात. त्याच्या वावरण्याच्या जागी सतरंजी किंवा काथ्याची चटई अंथरणे सोपे आणि स्वस्त आहे. नॉर्वेत मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या 2012 च्या अभ्यासात, तीन महिन्यांच्या आत जिने चढू-उतरू दिलेल्या पिल्लांत खुब्याचा सांधा सैल राहण्याचा धोका जास्त दिसला, आणि बाहेर मोकळे हिंडू दिलेल्यांत कमी. म्हणून पहिले तीन महिने पिल्लाला जिन्यावर उचलून न्यावे आणि मैदानात साखळीशिवाय खेळू द्यावे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार जातो, तेव्हा हे खेळणे पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. स्कूटरमागे पळवणे, पुनःपुन्हा चेंडू फेकून दमवणे, उंच उड्या मारायला लावणे या गोष्टी मोठ्या जातीच्या कुत्र्याला दीड वर्षाचे होईपर्यंत नकोत.

खुराक बेताचा, कॅल्शियम सल्ल्याने

दुसरा आक्षेप जुना आणि मायेपोटी येणारा आहे: लहानपणी भरपूर खाऊ घातले तर हाडे मजबूत होतात. लॅब्रेडॉर कुत्र्यांवरच्या दीर्घ अभ्यासाने याचे उत्तर दिले आहे. त्यात 48 पिल्लांच्या जोड्या लावल्या होत्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला आठ आठवड्यांच्या वयापासून जोडीदारापेक्षा चतुर्थांश कमी आहार दिला गेला. कमी आहारावरच्या कुत्र्यांत खुब्याचे विकार पुष्कळच कमी दिसले. सांध्यांच्या विकारासाठी औषध सुरू करावे लागण्याचे मध्यमान वय जास्त खाणाऱ्यांत 10.3 वर्षे होते, कमी खाणाऱ्यांत 13.3. आयुष्याचे मध्यमानही 11.2 वर्षांवरून 13 वर गेले. सगळे आनुवंशिक असते, त्यात आपण काय करणार, असे म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर लागू पडते. खुब्याचा विकार आनुवंशिक आहे हे खरेच, आणि त्यासाठी पिल्लू घेताना त्याच्या आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे मागावेत. पण येथे जोड्या एकाच वेतातल्या भावंडांच्या होत्या. फरक पडला तो ताटामुळे. पिल्लाच्या बरगड्या हलक्या हाताला लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिल्यास कंबर दिसली पाहिजे, एवढी खूण रोजच्या तपासणीला पुरते.

कॅल्शियमबाबत तर अतिरेक थेट अपायकारक आहे. ग्रेट डेन पिल्लांना जादा कॅल्शियम दिल्यावर त्यांच्या कूर्चेचे हाड होण्याची क्रिया बिघडते, हे नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात 1985 मध्ये दाखवले गेले. लहान पिल्लाच्या आतड्याला नको असलेले कॅल्शियम रोखता येत नाही, म्हणून ते शरीरात जातेच. मोठ्या जातीच्या पिल्लांचा चांगला तयार खुराक चालू असेल तर वर कॅल्शियमचे सिरप देऊ नये. घरचे अन्न देत असाल तर मात्र त्याचे प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे, कारण नुसत्या भात-दूध-मांसावर वाढणाऱ्या पिल्लाला कमतरताही होते. वासरांना-पारड्यांना फॉस्फरस आणि तांबे यांचा तुटवडा पडला तरी हाडे-सांधे बिघडतात. त्यासाठी एखादी बाटली मनाने आणण्यापेक्षा प्रमाणित क्षारमिश्रण रोजच्या खुराकात घालणे योग्य. उपाशी ठेवलेले पारडू आणि ठासून भरवलेले पिल्लू, दोघांचेही सांधे वाढीतच मागे राहतात.

जंतुसंसर्ग आणि औषधे

वासरांच्या सांध्यांचा सर्वांत घातक शत्रू मात्र नाळेतून येतो. नाळेला लागण झाली की जंतू रक्तातून सांध्यांत जातात. कोवळ्या कूर्चेतल्या रक्तवाहिन्यांच्या वाटा तेव्हा उघड्या असल्याने तिथे ते सहज ठाण मांडतात. सांधा सुजतो, गरम लागतो, वासरू पाय टेकत नाही, आणि काही दिवसांतच कूर्चेचे न भरून येणारे नुकसान होते. यावरचा उपाय स्वस्त आहे. जन्मल्याबरोबर नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी, जागा कोरडी ठेवावी आणि पहिल्या काही तासांत पोटभर चीक पाजावा. पारडू नर आहे म्हणून त्याला चीक तोडू नये. सांधा सुजलेला दिसला तर शेक आणि लेप यांत दिवस न घालवता त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे.

औषधांबाबत एक इशारा पिल्लू पाळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवा. एन्रोफ्लॉक्सासिन आणि त्या गटातली प्रतिजैविके प्रौढ कुत्र्याला चालतात, पण वाढत्या पिल्लांच्या आणि शिंगरांच्या सांध्यांतल्या कूर्चेला ती इजा करतात. म्हणून लहान व मध्यम जातींत आठ महिने, मोठ्यांत बारा आणि अतिमोठ्यांत अठरा महिने होईपर्यंत ती टाळली जातात. दुकानातून प्रतिजैविक मागून आणणे किंवा शेजारच्या कुत्र्याची उरलेली गोळी देणे यात म्हणूनच मोठा धोका आहे. दुसरा प्रश्न नसबंदीच्या वयाचा. कॅलिफोर्नियात गोल्डन रिट्रीव्हरवर झालेल्या 2013 च्या अभ्यासात, एक वर्षाच्या आत नसबंदी केलेल्या नरांत खुब्याच्या विकाराचे प्रमाण नसबंदी न केलेल्या नरांच्या दुप्पट आढळले. मोठ्या जातीच्या घरच्या कुत्र्यासाठी हे वय पशुवैद्यकाशी बोलून ठरवावे. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदी मोहिमेविरुद्ध हा मुद्दा वापरू नये, तिथल्या गरजा आणि जातीही वेगळ्या आहेत.

हे प्रयोग आपल्याकडे लागू होतात का

घोडे, बीगल आणि लॅब्रेडॉर यांचे निष्कर्ष आपल्या म्हशी-गायींना कसे लावायचे, हा आक्षेप मला सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो. प्रत्येक प्राण्याचे वेळापत्रक वेगळे असते हे मान्यच आहे. छोट्या कुत्र्याच्या वाढीच्या पट्ट्या सहा-आठ महिन्यांत भरतात, मोठ्या कुत्र्याच्या दीड वर्षापर्यंत चालतात. गायीच्या पायाच्या खालच्या हाडांतल्या पट्ट्या दोन ते तीन वर्षांत, तर खांदा आणि गुडघ्याजवळच्या साडेतीन-चार वर्षांत भरतात. पण जाड, रक्तवाहिन्यांची कूर्चा पातळ होत जाणे, कोलॅजन वाढणे आणि तंतू भारानुसार रचले जाणे हा क्रम ससा, कुत्रा, घोडा, गाय अशा दूरच्या प्राण्यांत सारखाच आढळतो. कोलॅजन वाढल्याचा पुरावा तर गायीच्याच गुडघ्यातला आहे. आपल्या बाजारातली जुनी परखही याला धरून आहे. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला असे दातांवरून वय ठरवणारा शेतकरी आदत गोऱ्ह्याला जड ओढकामाला लावत नाही. दात जुळण्याचा काळ आणि मोठ्या सांध्यांजवळची हाडे भरून येण्याचा काळ जवळजवळ एकच पडतो.

म्हाताऱ्या जनावरासाठी मग काहीच उरत नाही का? तसे नाही. वजन कमी करणे, बेताचे पण नियमित चालणे, योग्य वेदनाशामके आणि माशाच्या तेलातले ओमेगा-3 यांनी खरा आराम पडतो. ग्लुकोसामाइन-कोंड्रॉइटिनच्या गोळ्यांचा उपयोग मात्र कुत्र्या-मांजरांवरच्या अभ्यासांच्या 2022 मधल्या एकत्रित आढाव्यात दिसून आला नाही. त्या पैशांत पिल्लाच्या पहिल्या वर्षाची दोन-तीन तपासणी भेटींची फी निघते.

जबलपूरकरांना सल्ला शोधायला दूर जावे लागत नाही. येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय 1948 पासून आहे आणि 2009 पासून ते नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. चार ते दहा महिन्यांचे मोठ्या जातीचे पिल्लू आठवडाभराहून अधिक लंगडले, सकाळी उठताना ताठ वाटले किंवा सशासारख्या उड्या मारत पळू लागले, तर वाढीच्या वेदना समजून थांबू नका, एक्स-रे काढून घ्या. वासरू किंवा पिल्लू घरी येण्याच्या आधीच चार गोष्टींची सोय करा: हिंडायला मोकळी जागा, पाय न घसरणारी जमीन, बेताचा खुराक आणि ओळखीचा पशुवैद्यक. त्याचे सांधे याच काळात घडायचे आहेत आणि पुढची सगळी वर्षे त्यांच्यावरच निघायची आहेत.